वैद्यकीय विद्यापीठाचे संशोधनफलित

वैद्यकीय विद्यापीठातील अध्यापक, निवासी डॉक्टर, पदव्युत्तर विद्यार्थी आणि प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञ यांच्या कामातून जे नोंदवता येते, तपासता येते आणि इतरांना वापरता येते, त्या सर्वाला मिळून संशोधनफलित म्हणतात. शोधनिबंध हा त्याचा सर्वांत ठळक भाग. त्याखेरीज प्रबंध, क्लिनिकल ट्रायलचे (म्हणजे रुग्णांवर घेतलेल्या उपचारांच्या चाचण्यांचे) निकाल, दुर्मीळ रुग्णांची वर्णने, आजारवार रुग्णनोंदवह्या, निदानाच्या नव्या चाचण्या, पेटंट आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे यांचाही त्यात समावेश होतो. विद्यापीठांच्या वार्षिक अहवालांत मात्र बहुधा शोधनिबंधांची संख्याच पुढे केली जाते.

इतर विद्यापीठांपेक्षा येथील परिस्थिती एका बाबतीत मुळातच वेगळी असते. संशोधनाचा विषय असलेला माणूस शेजारच्या वॉर्डात दाखल असतो आणि संशोधक हाच त्याचा डॉक्टर असतो. सकाळी ओपीडी, दुपारी अध्यापन आणि उरलेल्या वेळात संशोधन असा बहुतेकांचा दिवस जातो. रुग्ण हाताशी असल्यामुळे प्रश्न खरे असतात, पण त्याच कारणाने त्या रुग्णाच्या संमतीवर दडपण येण्याचा धोकाही असतो. १९४७ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४चा हेलसिंकी जाहीरनामा यांनी मानवी संशोधनाला घातलेल्या मर्यादा म्हणूनच या विद्यापीठांच्या कामाचा पाया ठरल्या. नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय रुग्णांवरील अभ्यास सुरू होत नाही आणि प्रतिष्ठित नियतकालिके तो स्वीकारतही नाहीत.

फलिताचे प्रकार : संख्येने पुष्कळ आणि वाचले जाण्यात सर्वांत मागे असा प्रकार म्हणजे पदव्युत्तर प्रबंध, म्हणजेच बोलीतला थिसिस. निवासी डॉक्टरच्या मोजक्या वर्षांत बसेल असा विषय, एकाच रुग्णालयातील थोडे रुग्ण आणि परीक्षेपुरते लेखन अशी त्याची घडण अनेक ठिकाणी असते. एकाच विभागातील लागोपाठच्या विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न, एकाच प्रकारची माहिती गोळा करत पुढे नेला, तर याच प्रबंधांतून वजनदार अभ्यास उभा राहू शकतो. तसे क्वचितच घडते आणि ही मोठी हानी आहे.

शोधनिबंधाबाहेरच्या फलिताचे उत्तम उदाहरण टोरोंटो विद्यापीठातील इन्सुलिनचे आहे. १९२१ मध्ये तेथे सुरू झालेल्या कामातून तयार झालेला अर्क जानेवारी १९२२ मध्ये मधुमेही मुलाला प्रथम टोचण्यात आला. १९२३ मध्ये संशोधकांनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन पेटंट विद्यापीठाच्या हवाली केले. विद्यापीठाने त्यासाठी समिती नेमून उत्पादकांना परवाने दिले आणि औषधाचा दर्जा तपासण्याची जबाबदारीही उचलली. त्या काळातील निबंध आज थोडेच लोक वाचतात, परंतु विद्यापीठाने पेटंटचा असा वापर केल्यामुळे औषध एकाच कंपनीच्या मुठीत गेले नाही.

नोंदणीपासून प्रसिद्धीपर्यंत : वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने असा नियम केला, की जुलै २००५पासून सुरू होणाऱ्या क्लिनिकल ट्रायलची पहिला रुग्ण सहभागी होण्यापूर्वी सार्वजनिक नोंदवहीत नोंद नसेल, तर तिचा निबंध छापायचा नाही. या नोंदीतील सर्वांत मोलाचा रकाना ‘प्रमुख परिणाम’, म्हणजे उपचाराचे यश मुख्यतः कशावरून ठरवायचे, हा असतो. समजा, तेथे ‘९० दिवसांतील मृत्यू’ असे लिहिले आहे आणि दोन वर्षांनी छापलेल्या निबंधात ‘सातव्या दिवशीची वेदना’ हा प्रमुख परिणाम म्हणून मिरवतो आहे. मृत्यूंच्या आकड्यात फरक दिसला नाही म्हणून दुसरा सोयीचा आकडा पुढे आणला गेला असावा, अशी शंका येथे वाचकाला घेता येते. नोंदवही नसती, तर ही शंका घेण्याचा मार्गच उरला नसता.

निबंधाच्या शीर्षकाखालील नावांची ओळही विचारपूर्वक वाचावी लागते. बहुतेक शाखांत पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे असते. लेखक म्हणवून घेण्यासाठी संपादक समितीने चार अटी घातल्या आहेत : अभ्यासाची आखणी, माहिती गोळा करणे किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात मोलाची सुधारणा करणे, अंतिम मजकुराला मान्यता, आणि कामाच्या सचोटीची जबाबदारी. चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. केवळ विभागप्रमुख म्हणून नाव घालण्याची चाल या कसोटीवर टिकत नाही. ती कनिष्ठ संशोधकावर अन्याय करते आणि चूक निघाल्यास उत्तर कोणी द्यायचे हेही धूसर करते.

मोजमाप : युजीन गारफील्ड यांच्या उद्धरणसूचीतून (उद्धरण म्हणजे एका निबंधाने दुसऱ्याचा दिलेला संदर्भ) पुढे आलेला प्रभावांक, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, १९७५पासून दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागला. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षी सरासरी किती उद्धरणे मिळाली, हे तो सांगतो. हा आकडा नियतकालिकाचा असतो. त्यातील बहुतांश उद्धरणे थोड्याच लेखांना मिळालेली असतात, त्यामुळे त्यावरून एका निबंधाची किंवा एका अध्यापकाची योग्यता ठरवणे चुकीचे आहे. जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला एच-निर्देशांक व्यक्तीचा असतो : एखाद्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उद्धरणे असतील, पण २१ निबंधांना प्रत्येकी २१ नसतील, तर त्याचा निर्देशांक २०. तो वयाबरोबर वाढतच जातो, आणि कर्करोगासारख्या गजबजलेल्या क्षेत्रातील संशोधकाला शरीररचनाशास्त्रातील सहकाऱ्यापेक्षा आयता वर नेतो. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्राने नेमणुका आणि बढत्यांसाठी नियतकालिकांचे आकडे वापरू नयेत असे सुचवले.

आकडेमोडीतली एक साधी अडचण मात्र सहसा चर्चेत येत नाही. एकाच विद्यापीठाचे नाव लेखक निरनिराळ्या तऱ्हांनी लिहितात : कुणी केवळ महाविद्यालयाचे, कुणी संलग्न रुग्णालयाचे, तर कुणी जुन्या नावाचे संक्षिप्त रूप. मग पबमेडसारख्या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन कोशात शोध घेताना बरेच काम निसटते. सारख्याच नावांच्या संशोधकांसाठी २०१२पासून मिळू लागलेला ऑर्किड (ORCID) हा १६ अंकांचा ओळखक्रमांक यावरचा निम्मा उपाय आहे. उरलेला निम्मा म्हणजे संस्थेचे नाव एकाच पद्धतीने लिहिण्याची शिस्त, आणि ती ग्रंथपालाच्या चिकाटीवर अवलंबून राहते.

संख्येवर बढती अवलंबून असली, की खोटेपणाला वाव मिळतो. पैसे घेऊन परीक्षणाविना छापणारी नियतकालिके आणि तयार निबंध विकणारे कारखाने त्यातूनच फोफावले. हिंदावी या प्रकाशनसंस्थेने २०२३ या एकाच वर्षात ८,००० हून अधिक निबंध मागे घेतले. पण आरोग्याची हानी व्हायला एक निबंधही पुरतो. गोवराच्या लशीचा आत्ममग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरील निबंध ‘द लॅन्सेट’ने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये पूर्णपणे मागे घेतला. मधल्या काळात ब्रिटनमध्ये लसीकरण घसरले आणि गोवर परतला.

वापर : फलित तयार होणे आणि ते रुग्णापर्यंत पोहोचणे यांत किती अंतर पडू शकते, हे न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील एका अभ्यासातून दिसते. मेंढीच्या गर्भांवर प्रयोग करताना ग्रॅहम लिगिन्स यांना आढळले, की स्टेरॉइड दिलेली अपुऱ्या दिवसांची कोकरेही श्वास घेऊ शकतात. त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या २८२ मातांवर चाचणी घेतली आणि १९७२ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. आपोआप अकाली कळा सुरू झालेल्या मातांच्या गटात, बीटामेथासोन हे स्टेरॉइड मिळालेल्यांच्या बाळांपैकी ३.२ टक्के सुरुवातीच्या दिवसांत दगावली, तर तुलनेच्या गटातील १५ टक्के. औषध स्वस्त होते आणि उपचार सोपा होता. तरीही हा उपचार सर्वमान्य व्हायला दोन दशके गेली. त्यानंतरच्या चाचण्या एकत्र मांडणारा आढावा १९९०च्या सुमारास आला आणि अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने १९९४ मध्ये तो उपचार करण्याची शिफारस केली. मधल्या वर्षांत वाचू शकली असती अशी बाळे गेली. सर्व चाचण्यांचे निकाल पद्धतशीरपणे एकत्र आणणारे काम हेही विद्यापीठाचे अव्वल दर्जाचे फलित मानले पाहिजे, ते याच कारणाने.

ब्रिटनने २०१४च्या विद्यापीठ मूल्यमापनात संशोधनाच्या समाजावरील परिणामाला २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के भार दिला. उपचारपद्धती कशी बदलली, हे विद्यापीठांना त्यासाठी पुराव्यांसह लिहून द्यावे लागले.

अप्रसिद्ध निकाल : कोणत्याही वार्षिक अहवालात न दिसणारा भाग म्हणजे पूर्ण होऊनही निकाल जाहीर न झालेल्या चाचण्या. औषधाचा उपयोग झाला नाही, हा निकाल लिहिण्याचा उत्साह कमी असतो. मार्गदर्शक निवृत्त होतो, निवासी डॉक्टर पदवी घेऊन जातो आणि कागद कपाटात राहतात. ज्या रुग्णांनी जोखीम पत्करून सहभाग घेतला, त्यांच्याशी हा वचनभंगच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये चाचणी संपल्यापासून १२ महिन्यांत प्रमुख निकाल नोंदवहीत भरावेत असे सांगितले. क्लिनिकल ट्रायलच्या युरोपीय नोंदवहीतील मुदत उलटलेल्या चाचण्यांची २०१८ मध्ये छाननी झाली, तेव्हा उद्योगांनी प्रायोजित केलेल्या ६८ टक्के चाचण्यांचे निकाल भरलेले आढळले. विद्यापीठे ज्यात मोडतात त्या बिगरव्यावसायिक प्रायोजकांचे प्रमाण होते ११ टक्के. ब्रिटिश संसदेच्या विज्ञान समितीने २०१९ मध्ये विद्यापीठांकडे याबाबत विचारणा केल्यावर तेथील थकलेले निकाल भरण्याचा वेग ठळकपणे वाढला.