पाणी बदललं आणि मासे मेले

'घरावरचं संकट माशाने स्वतःवर घेतलं' हे वाक्य फिश टँक असलेल्या घरांत अजून ऐकू येतं. वास्तूसाठी म्हणून फ्लॉवरहॉर्न किंवा अरोवाना आणलेला असेल तर हमखास. मासा गेलेला असतो रविवारी संध्याकाळी, आणि त्याच दिवशी सकाळी टाकी 'मस्त साफ' केलेली असते. संकट आलेलं असतं ते बादलीतून.

गंमत अशी की बादलीतलं पाणी चांगलंच होतं. खराब होतं ते टाकीतलं. त्या खराब पाण्यात मासे महिनोन्‌महिने तगले आणि चांगलं पाणी पडताच काही तासांत गेले.

मासा नायट्रोजनचा बराचसा कचरा कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. या कामात आम्ल तयार होतं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना पाण्यातली सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, खर्च होते. पाणी न बदलता नुसती भर घालत राहिलं की ही शिल्लक संपते आणि पीएच घसरू लागतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होत जातं. साडेसहाच्या खाली जिवाणू सुस्तावतात, ६ च्या आसपास जवळजवळ संपच करतात. अमोनिया साचायला लागतो. तरी मासे मरत नाहीत.

कारण पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक साधा, विद्युतभार नसलेला. दुसरा हायड्रोजनचा एक आयन चिकटलेला, म्हणजे अमोनियम. भार नसलेला रेणू कल्ल्याच्या स्निग्ध पडद्यातून आरपार जातो, अमोनियम सहजासहजी जात नाही. दोघांचं प्रमाण ठरतं मुख्यतः पीएचवर आणि थोडंफार तापमानावर. २५ अंश सेल्सिअसला पीएच ६ असेल तर विषारी अमोनिया एकूण साठ्याच्या फक्त ०.०६ टक्के, पीएच ७ ला ०.६ टक्के, ८ ला ५ टक्क्यांहून जास्त.

आता रविवारचा हिशोब. टाकीत एकूण अमोनिया लिटरला ४ मिलिग्रॅम, पीएच ६. विषारी भाग झाला जेमतेम ०.००२ मिलिग्रॅम. अर्धं पाणी काढून बोअरचं जड पाणी भरलं. एकूण अमोनिया निम्मा झाला, २ मिलिग्रॅम. पण नव्या पाण्यातल्या क्षारतेने पीएच ७.८ वर गेला आणि विषारी भाग झाला जवळपास ०.०७ मिलिग्रॅम. साठा निम्मा, विष तीसपट! ०.०२ च्या पुढेच नाजूक माशांचे कल्ले दुखावायला लागतात. बाहेर अमोनिया इतका वाढला की माशाला स्वतःच्या रक्तातला बाहेर टाकता येत नाही, तो आतच साठतो.

मग मासा वर येऊन धापा टाकतो, खडीला अंग घासतो. हा रोगच समजून दुकानदार निळं औषध, म्हणजे मिथिलिन ब्लू देतो. ते टाकीत ओतलं की उरलेसुरले जिवाणूही मार खातात.

म्हणून औषधाआधी टेस्ट किट: अमोनिया, नायट्राइट, पीएच. किटमधला अमोनियाचा आकडा सहसा दोन्ही रूपांची बेरीज असतो, त्यामुळे तो पीएचसोबतच वाचायचा. पीएच साडेसहाच्या खाली आणि अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर निघाला, तर खाणं तीन दिवस बंद, हवेचा पंप चालू, आणि रोज फक्त दहावा हिस्सा पाणी बदलायचं. पीएच वाढवायला खाण्याचा सोडा आत्ता अजिबात नको, तोच सापळा पुन्हा लागेल. अमोनिया शून्यावर आल्यावर फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवला की पीएच सावकाश सावरतो.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळायचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट: १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवले तर १० लिटरच्या बादलीला त्यातलं १ मिलिलिटर भरपूर होतं.

आणि खरोखरच अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर? तो इक्थिओफ्थिरियस हा एकपेशीय परजीवी. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून खाणारी त्याची अवस्था. तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो खाली पडतो, खडीत कोष करतो, त्यातून शेकडो पिल्लं पोहत निघतात. औषधाला सापडतात ती हीच. त्यामुळे तिसऱ्या दिवशी ठिपके गेले म्हणून औषध थांबवणाऱ्यांचे मासे पुढच्या आठवड्यात दुप्पट ठिपक्यांनी भरतात. २५ अंशांच्या वर हे चक्र काही दिवसांत फिरतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे लागतात.

उष्णकटिबंधीय माशांसाठी हीटर दर सहा तासांना १ अंश वाढवत ३० वर न्यायचा, म्हणजे चक्र भरभर फिरतं. मात्र २५ अंशांना लिटरमध्ये ८.३ मिलिग्रॅम मावणारा ऑक्सिजन ३० ला ७.६ वर येतो, तेव्हा पंप जोरात हवा. सोबत साधं मीठ लिटरला २ ग्रॅम. २×१×१ फुटांच्या टाकीत प्रत्यक्ष पाणी ४८ लिटर धरलं तर साधारण १०० ग्रॅम, तीन हप्त्यांत, दीड दिवसात, आधी विरघळवून. लोच किंवा कोरिडोरास जातीचे मासे असतील तर मीठ निम्मंच. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर हे चालू ठेवायचं. मीठ उडून जात नाही, म्हणून पाणी आटलं तर भर साध्या पाण्याचीच. पाणी बदलाल तेव्हा मात्र जितकं काढलं तेवढ्याच हिशोबाने मीठ घालायचं.