स्वयंचलित मशीनवर काम करताना ताण मोजणं

मशीन किंवा रोबोबरोबर काम करणाऱ्या माणसाला किती ताण येतोय हे हृदयाचे ठोके, घाम, लाळ आणि त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून मोजायची ही पद्धत. बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडं फौंड्री आणि सीएनसीची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची) शॉप भरपूर, त्यामुळं हा आपल्या पोरांच्या रोजच्या कामाचाच विषय आहे.

मशीनची सायकल, म्हणजे एका तुकड्यावरचं आपोआप होणारं काम, चालू असताना ऑपरेटरचे हात मोकळे असतात, डोकं नाही. हिरवा दिवा आहे तोवर नुसतं बघत राहायचं आणि लाल लागला की पळायचं, इन्सर्ट (कापायचं पातं) तुटला का, जॉब (घडवायचा तुकडा) नीट बसला नव्हता का, ऑफसेट (हत्याराच्या जागेचा आकडा) चुकला का हे उभ्या उभ्या ठरवायचं. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं की सोपं काम मशीनकडं गेलं की माणसाकडं अवघड तेवढं उरतं, आणि तेही हाताची सवय मोडल्यावर.

ठोके किती पडले एवढ्यावर भागत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमी-जास्त होत असतं, ताणात हा फरक सहसा कमी होतो. घामाचं मोजमाप सगळ्यात चटपटीत, अलार्म वाजला की १ ते ३ सेकंदांत कातडीतून वीज जास्त वाहायला लागते. पण इलेक्ट्रोड बोटांना लावतात आणि इथं बोटं कूलंटमध्ये (कापताना गार ठेवायच्या पाण्या-तेलात), मग तळपायाला लावायचा. लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) मात्र २०-३० मिनिटांनी वर येतं, शिवाय सकाळी उठल्यावर ते मुळातच जास्त असतं, म्हणून फर्स्ट शिफ्टचा आकडा सेकंड शिफ्टशी ताडून काही कळत नाही.

फौंड्रीत तर घाम भट्टीचा का टेन्शनचा हेच ओळखता येत नाही. म्हणून आधी माणसाला सावलीत शांत बसवून त्याचे आकडे घ्यायचे, जागेचं तापमान लिहायचं, आणि तुलना त्याची त्याच्याशीच करायची, शेजारच्या मशीनवाल्याशी नाही. हे आकडे कामावरून काढायला वापरायचे असतील तर ठोके मोजायचा पट्टा बांधूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

यंत्राबरोबर प्रश्नावलीही लागते. हार्ट आणि स्टेव्हलँड यांच्या १९८८ च्या नासा-टीएलएक्स या कामाचा भार मोजायच्या प्रश्नावलीत सहा बाबी आहेत: डोक्याला ताण, अंगाला ताण, वेळेची घाई, काम किती जमलं, किती जोर लावला आणि वैताग. इथला कामगार घरी मराठी, सुपरवायझरशी कन्नड बोलतो आणि पॅनेलवर इंग्रजी वाचतो, त्यामुळं शब्द जपून निवडावे लागतात. शेवटच्या प्रश्नाला "नैराश्य" लिहिलं तर माणूस गप्पच बसतो, "वैताग आला काय" विचारलं की लगेच आकडा सांगतो.