टाचेपासून कमरेपर्यंत चढलेला शब्द

गोव्यातल्या जुन्या शिंप्याच्या तोंडी विजारीला 'कालसांव' आणि बटणाला 'बुतांव' असे शब्द असतात. दोन्ही पोर्तुगीज भाषेतून आलेले. शेवटचा नाकातला 'आंव' नीट ऐका. आपला वड्यासोबतचा पाव याच घरचा, मूळ 'पांव'.

कालसांव मला फार आवडतो, कारण तो पायावरून एकेक टप्पा चढत वर आला. लॅटिनमध्ये 'काल्क्स' म्हणजे टाच आणि 'काल्केउस' म्हणजे बूट. मध्ययुगात त्यावरूनच पायमोज्याला 'काल्सा' नाव पडलं. मोजे लांबत लांबत पोटरी, गुडघा, मांडी ओलांडून कमरेला पोचले, तसा शब्दही पोचला. पुढे या लांब मोज्याचे दोन भाग झाले. वरचा भाग आखूड विजार झाला, खालच्याला 'अर्धा काल्सा' म्हणू लागले. बोलताना 'काल्सा' गळून पडला आणि नुसतं 'अर्धा' उरलं! म्हणून आजही स्पॅनिश 'मेदिया' आणि पोर्तुगीज 'मेया' या शब्दांचा अर्थ 'अर्धा' असा आहे आणि 'मोजा' असाही. स्पॅनिशमध्ये याच कुळातला 'काल्सादो' म्हणजे पादत्राणं, तर 'काल्सोनसिल्योस' म्हणजे आत घालायची चड्डी. गंमत अशी, की पोर्तुगालमध्ये कालसांव आखूडच राहिला, गोव्यात मात्र तो घोट्यापर्यंत उतरला.

'कपडे' यासाठीचा शब्द मात्र रक्ताळलेला आहे. स्पॅनिश 'रोपा' आणि पोर्तुगीज 'रोपा' हे गॉथ या युरोपातल्या जुन्या जर्मानिक टोळ्यांच्या भाषेतून आले, आणि त्यांचा मूळ अर्थ लुटीचा माल. सूत कातून, हातमागावर विणून एक अंगरखा व्हायला किती दिवस लागत, हे लक्षात घेतलं की लुटारू आधी कपडेच का उतरवून घेत ते कळतं. स्पॅनिश 'प्रेंदा' म्हणजेही कपडा, पण आधी तो शब्द गहाण ठेवलेल्या वस्तूचा होता.

आता आपली कमीज. ती पोर्तुगीज 'कामीझा'वरून आली असं पुष्कळ जण सांगतात. पण कुराणातल्या सूरा यूसुफमध्ये यूसुफच्या अंगातल्या सदऱ्याला 'कमीस' म्हटलंय, आणि ते सातव्या शतकातलं आहे. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये. त्याच्याही अकराशे वर्षं आधी ख्रिस्ती धर्मपंडित संत जेरोमने लिहून ठेवलंय, की सैनिक 'कामिसिया' नावाचे लिननचे कपडे घालतात. त्या लॅटिन शब्दाची एक वाट स्पेन-पोर्तुगालकडे गेली, दुसरी अरबस्तानाकडे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा कामीझाही त्यांच्यासोबत उतरली. अरबी-फारसीच्या वाटेने निघालेली कमीज ही तिची चुलत बहीण.