खेळाच्या पोटातली जाहिरात

मे महिन्याच्या सुट्टीत चाकरमानी मुलाबाळांसह गावी येतात आणि दुपारचे ऊन चढले की दापोली-गुहागर पट्ट्यातल्या पुष्कळ घरांच्या पडवीत दोन-तीन मुले एकाच फोनभोवती डोकी जुळवून बसलेली दिसतात. फोन वडिलांचा किंवा मामाचा असतो आणि खेळ फुकटचा. “अ‍ॅड बघ ना, लाईफ मिळेल,” असे पहिलीतली धाकटी बहीण चौथीतल्या भावाला सांगते, तेव्हा या व्यवसायाचा मूळ सौदा तिने बरोबर ओळखलेला असतो. खेळ पुढे न्यायचा तर जाहिरात बघायची, हे तिला पक्के ठाऊक असते. तो सौदा आपल्याशी कोण करतो आणि त्यातून त्याला काय मिळते, हे मात्र तिला उमगत नाही. ते न उमगण्याची कारणे काही अंशी तिच्या वयात आहेत आणि काही अंशी खेळाच्या रचनेत.

फुकट खेळांचे एखादे संकेतस्थळ उघडून पडदा नीट न्याहाळला, तर ही रचना लगेच दिसते. खेळाच्या चौकटीच्या वर एक हलती पट्टी असते, बाजूला दुसरी असते आणि खेळ सुरू होण्याआधी एक चित्रफीत चालते. पानावर ‘प्ले’ किंवा ‘डाउनलोड’ लिहिलेली दोन-तीन हिरवी बटणे दिसतात, पण त्यांतले एकच खेळाचे असते आणि उरलेली जाहिरातीची असतात. खेळात हरल्यावर आणखी एक जीव हवा असेल तर सुमारे अर्ध्या मिनिटाची चित्रफीत बघण्याचे आमिष पुढे येते. ती बंद करण्याची फुली काही सेकंदांनी, कोपऱ्यात, फिकट रंगात उगवते आणि लहान बोट तिच्यापासून किंचित ढळले की दुसऱ्याच एखाद्या अ‍ॅपचे पान उघडते. असे चुकून पडलेले बोटही हिशेबात पुष्कळदा ‘क्लिक’ म्हणूनच जमा होते. खेळ पुरवणाऱ्याला जाहिरात हजार वेळा दिसल्याबद्दल, तिच्यावर बोट पडल्याबद्दल किंवा जाहिरातीतले अ‍ॅप फोनमध्ये उतरवून घेतल्याबद्दल पैसे मिळतात, त्यामुळे फुली मोठी आणि ठळक ठेवण्यात त्याचा काहीच फायदा नसतो. भरीस भर म्हणजे त्या चित्रफितींसाठी लागणारा डेटा घरच्या प्रीपेड पॅकमधूनच जातो.

कोणाला कोणती जाहिरात दाखवायची हे आधीपासून ठरलेले नसते. पान उघडताक्षणी फोनचा प्रकार, भाषा, इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेला ठिकाणाचा अंदाज, उघडलेल्या पानाचा पत्ता आणि जाहिरातदारांना तो फोन ओळखता यावा म्हणून फोनला दिलेला जाहिरात-क्रमांक अशी माहिती एका जाहिरात बाजाराकडे जातो. तिथे अनेक कंपन्यांच्या संगणकांमध्ये बोली लागते आणि साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात जागा विकली जाते. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, त्याच धर्तीवर हाही लिलाव आहे. फक्त इथे पाटीत मासळीऐवजी मुलाची नजर असते आणि बोली लावणाऱ्यांपैकी कोणीही त्या मुलाला पाहिलेले नसते.

जाहिरात समजण्यासाठी मुलाला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. हा भाग खेळापेक्षा वेगळा आहे हे ओळखणे ही पहिली पायरी, आणि तो दाखवणाऱ्याला आपले मन वळवायचे आहे, त्यासाठी तो फक्त चांगल्या बाजू सांगेल, हे समजणे ही दुसरी. दुसऱ्याच्या मनातला हेतू ताडण्याची शक्ती वयाबरोबर हळूहळू येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या अभ्यासगटाने २००४ मध्ये असा निष्कर्ष काढला की आठ वर्षांखालील बहुसंख्य मुलांना जाहिरातीमागचा मन वळवण्याचा हेतू समजत नाही. ती जाहिरातीतले म्हणणे खरी माहिती म्हणून स्वीकारतात. हे निष्कर्ष मुख्यतः दूरचित्रवाणीवरून काढलेले आहेत. तिथे निदान कार्यक्रम थांबतो, पडदा बदलतो, संगीत बदलते, म्हणजे पहिली पायरी चढायला आधार असतो. खेळात तोही आधार काढून घेतलेला असतो.

मिशिगन विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ जेनी रॅडेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची १३५ अ‍ॅप्स तपासून हे बारकाईने दाखवले आहे. त्यांच्या अभ्यासात ९५ टक्के अ‍ॅप्समध्ये कोणत्या ना कोणत्या प्रकारची जाहिरात होती. फुकटच्या अ‍ॅप्सपैकी एकही तिच्यापासून मुक्त नव्हते आणि पैसे मोजून घेतलेल्यांतही ८८ टक्क्यांमध्ये ती आढळली. आकड्यांपेक्षा मला त्यातली उदाहरणे अधिक अस्वस्थ करतात. मुलांच्या एका डॉक्टर-डॉक्टर खेळात दुकानातून काही विकत न घेता बाहेर पडले की खेळातले पात्र रडू लागते. चार वर्षांच्या मुलाचा अशा पात्रावर खरोखरच जीव जडलेला असतो, त्यामुळे ते रडणे त्याला विक्रीची युक्ती वाटतच नाही. आपण मित्राला दुखावले असेच त्याला वाटते.

यापुढची पायरी म्हणजे ज्यात जाहिरात हाच खेळ असतो, असे खेळ. खाद्यपदार्थांच्या कंपन्यांनी ते फार पूर्वी आणले. आरोग्यविषयक अभ्यास करणाऱ्या कैसर फॅमिली फाउंडेशन या संस्थेच्या २००६ सालच्या पाहणीत अमेरिकेतल्या ७७ संकेतस्थळांवर खाद्यपदार्थांचे ब्रँड गुंफलेले ५४६ खेळ सापडले होते. ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात पाच ते आठ वर्षांच्या मुलांना न्याहारीला दुधात घालून खायच्या गोड सीरियलच्या ब्रँडचा असा खेळ खेळायला दिल्यावर त्या सीरियलकडे त्यांचा ओढा वाढलेला दिसला, आणि ज्यांना खेळामागचा हेतू कळला होता ती मुलेही याला अपवाद ठरली नाहीत. नेदरलँड्समधला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आणखी बोलका आहे. आठ ते दहा वर्षांच्या २७० मुलांपैकी काहींना गोड खाऊच्या जाहिरातीचा खेळ दिला, काहींना फळांच्या जाहिरातीचा, आणि उरलेल्यांपैकी काहींना खाण्याशी संबंध नसलेला खेळ दिला. त्यानंतर खाऊ समोर ठेवला तेव्हा खाण्याच्या जाहिरातीचे खेळ खेळलेल्या मुलांनी इतरांपेक्षा जास्त खाल्ले, आणि फळांचा खेळ खेळलेल्यांनीही फळांऐवजी गोड खाऊच अधिक उचलला.

मोठ्या, समजूतदार मुलांवरही परिणाम का होतो, याचे उत्तर लक्षाच्या मर्यादेत आहे. “ही जाहिरात आहे, जरा सावध राहावे,” असा विचार मनात आणायला मेंदूला वेगळी मेहनत करावी लागते आणि त्यासाठी हातातले काम क्षणभर थांबवावे लागते. उड्या मारत, नाणी गोळा करत, वेळ संपण्याआधी पलीकडे पोहोचण्याच्या धडपडीत मुलाचे सगळे लक्ष आधीच खर्च झालेले असते. त्याच वेळी जिंकण्याचा आनंद पडद्यावरच्या चिन्हाला आपोआप चिकटत जातो आणि पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट नुसत्या ओळखीनेच आवडू लागते. नेदरलँड्समधील संशोधक एस्थर रोझेंडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हाच मुद्दा मांडला होता की जाहिरातीविषयी ज्ञान असणे आणि ऐन वेळी ते वापरता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. म्हणूनच मुलांना फक्त “जाहिरातींना भुलू नका” असे बजावून आपले काम संपते, असे मला वाटत नाही. जाहिरात ज्या जागी ठेवली आहे, ती जागाच मुलाच्या विचाराला फुरसत देत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. किनाऱ्यावरच्या अनेक घरांत मुलाचा स्वतःचा फोन नसतो. ज्या फोनवर वडील आंब्याच्या पेटीचा दर विचारतात आणि आई बचतगटाचे निरोप वाचते, त्याच फोनवर मूल खेळते. त्या फोनचा जाहिरात-क्रमांक बाजाराला एका प्रौढ माणसाची ओळख देतो आणि रंग भरण्याच्या खेळात झटपट कर्जाची जाहिरात येऊन बसते. कित्येकदा दुसऱ्याच एखाद्या खेळाची जाहिरात दिसते आणि तीही खरी असेलच असे नाही. ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ या खेळांच्या दोन जाहिरातींत दाखवलेला खेळ प्रत्यक्ष खेळाशी जुळत नाही, म्हणून ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये त्या दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या होत्या.

भारतात कायदे आहेत आणि ते कागदावर तरी कडक आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वस्तू विकत घ्या किंवा आईवडिलांना घ्यायला लावा, असे थेट आवाहन मुलांना करता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांचे तेरा प्रकार अनुचित ठरवले गेले, त्यांत वेष पालटलेली जाहिरात आणि सतत टोचणी लावणे हेही आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांसोबत त्यांच्या जाहिरातींवरही बंदी घातली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल मानली असून मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिरात दाखवण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुलांविषयीच्या तरतुदींना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत दिली गेली. हा कायदा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, परंतु फोन प्रौढाच्या नावावर असेल तर पलीकडे मूल आहे हे यंत्रणेला कळणार कसे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. मुलांसाठीच्या खेळात कोण खेळतो आहे हे न विचारताच माग काढणे बंद ठेवावे, अशी सक्ती झाली तरच पडवीतल्या मुलापर्यंत हे संरक्षण पोहोचेल.

तोवर घरी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. इंटरनेटशिवाय चालणारा खेळ असेल तर डेटा बंद करूनच फोन मुलाच्या हाती द्यावा, म्हणजे बहुतेक जाहिराती येतच नाहीत आणि पॅकही वाचतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये गूगलच्या ‘अ‍ॅड्स’ या भागात जाऊन जाहिरात-क्रमांक पुसता येतो. अ‍ॅप स्टोअरमधल्या खरेदीला पासवर्ड लावावा आणि यूपीआयचा पिन मुलांसमोर उच्चारू नये. मधूनमधून शेजारी बसून खेळ थांबवावा आणि “हे कोण विकतंय? त्याला यातून काय मिळणार?” असे विचारावे, खेळ थांबलेला असतानाच मुलाला त्यावर विचार करायला सवड मिळते. खेळातली जाहिरात आक्षेपार्ह किंवा फसवी वाटली, तर तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, खेळाचे नाव, तारीख आणि वेळ टिपून घ्यावी आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.