सी भाषेचे पहिले तीन धडे आणि अडकलेला ३१ डिसेंबर

सी ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात सुरुवातीचे तास ठरलेले असतात. आधी व्हेरिएबल (किंमत ठेवायची नाव दिलेली जागा), मग इफ-एल्स (अट), मग लूप (तेच काम पुन्हा पुन्हा). मुलं ते पटापट उरकतात, कारण सगळ्यांची धास्ती असते ती पुढच्या पॉइंटरची, म्हणजे मेमरीतले पत्ते हाताळण्याची. पॉइंटरला घाबरायला हरकत नाही, पण हे पहिले तीन विषय म्हणजे बालवाडी हा समज मात्र मला पटत नाही. कसलेले प्रोग्रामर याच तीन गोष्टींत सपशेल आपटल्याची उदाहरणं भरपूर आहेत. त्यातली बरीचशी वहीवर ड्राय रन केला असता तर सापडली असती. ड्राय रन म्हणजे आपणच मशीन व्हायचं, एकेक ओळ वाचायची आणि कुठल्या व्हेरिएबलमध्ये आता काय आहे ते पेन्सिलीने मांडत जायचं. कंटाळवाणं काम आहे, पण सी येते की नाही हे तिथेच कळतं.

(खाली प्रोग्रामचे तुकडे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत. कीबोर्डवर हे सगळं रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचं असतं.)

इंट गुण = ४३७;

ही ओळ कंपायलरला, म्हणजे आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, सांगते की मेमरीतले काही बाइट राखून ठेव, त्या जागेला ‘गुण’ म्हण आणि तिथे ४३७ लिही. शेवटचा अर्धविराम विसरलात तर कंपायलर ओरडेल, आणि बहुतेक वेळा पुढच्याच ओळीवर बोट ठेवेल. त्याची सवय होते. ‘= ४३७’ विसरलात तर मात्र तो ओरडेलच असं नाही. फंक्शनच्या आत घेतलेल्या व्हेरिएबलमध्ये आपण काही ठेवलं नाही, तर त्या जागी आधीपासून जे काही पडलेलं असेल तेच निघतं. लॅबमध्ये त्याला गार्बेज व्हॅल्यू म्हणतात. एकाच प्रोग्रामने सकाळी ० आणि दुपारी ३२७६४ दाखवलं, तर आधी इथे बघायचं.

‘इंट’ (म्हणजे पूर्णांक) हा शब्द हवाच कशाला, असं नव्या माणसाला वाटतं. सीच्या आधीच्या ‘बी’ भाषेत तो नव्हताच. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या यंत्रावर बी तयार केली, तिच्यात एकच प्रकारची जागा होती: यंत्राचा एक शब्द, म्हणजे एका वेळी हाताळला जाणारा बिट्सचा गठ्ठा. मग पीडीपी-११ आलं. त्यात प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता होता. एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं, आकड्याला दोन लागतात, दशांश संख्येला त्याहून जास्त. आता कुठल्या नावाला किती बाइट आणि ते कसे वाचायचे हे सांगणं भाग होतं. डेनिस रिची यांनी बीमध्ये हे प्रकार घातले, आणि १९७२ च्या सुमारास तिची सी झाली. १९७३ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा याच भाषेत पुन्हा लिहिला गेला.

प्रकार ठरला की मर्यादाही ठरते. आजच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर इंटला ४ बाइट मिळतात, म्हणजे कमाल आकडा २,१४,७४,८३,६४७. पण आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं चालवलेल्या निळ्या पडद्याच्या टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये इंट २ बाइटचा असतो आणि मजल ३२,७६७ पर्यंतच जाते. एक साधा हिशेब घेऊ: ६०० पैकी ४३७ गुण, टक्के काढा.

टक्के = गुण / ६०० * १००;

उत्तर शून्य. कारण दोन्ही बाजूंना इंट असले की सी भागाकारही पूर्णांकातच करते. ४३७ भागिले ६०० बरोबर ०, बाकी फेकून दिली. आणि शून्य गुणिले १०० शून्यच. हुशार विद्यार्थी मग क्रम बदलतो: गुण * १०० / ६००. आधुनिक कंपायलरवर ७२ येतं. टर्बो सीवर येतं उणे ३६! ४३७ गुणिले १०० म्हणजे ४३,७००, ते ३२,७६७ च्या पलीकडे. स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसा इथे आकडा कमालीच्या पुढे गेला की थेट उणे टोकाला जातो. ४३,७०० मधून ६५,५३६ वजा केले की उणे २१,८३६, आणि त्याला ६०० ने भागलं की उणे ३६. खरं तर सीचं मानक एवढीही खात्री देत नाही. पूर्णांक त्याच्या मर्यादेबाहेर गेला तर काय होईल ते सांगायला मी बांधील नाही, असं ते म्हणतं. १००.० * गुण / ६०० असं दशांश चिन्हासह लिहायचं आणि ‘टक्के’ला इंटऐवजी फ्लोट (दशांश संख्येचा प्रकार) करायचं, मग ७२.८३ मिळतात.

हा प्रश्न लॅबपुरता नाही. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ४ बाइटच्या चिन्हांकित (अधिक-उणे दोन्ही मावणाऱ्या) पूर्णांकात मोजणाऱ्या जुन्या प्रणालींची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते. उपाय माहीत आहे, ८ बाइटचं व्हेरिएबल वापरायचं. कोपऱ्यात पडलेलं एकेक जुनं यंत्र शोधून ते बदलणं, हे खरं काम.

आता अट.

इफ (गुण = ३५) प्रिंटएफ("पास");

दिसायला निरुपद्रवी ओळ. पण सीमध्ये एक बरोबर म्हणजे ‘ठेव’ आणि दोन बरोबर म्हणजे ‘सारखे आहेत का’. त्यामुळे ही ओळ विचारत काहीच नाही. ती गुणांमध्ये ३५ ठेवते. ठेवण्याच्या क्रियेचीही सीमध्ये एक किंमत असते, इथे ती ३५. आणि सीचा खाक्या असा की शून्य म्हणजे खोटं, शून्य सोडून काहीही म्हणजे खरं. म्हणून सगळा वर्ग पास, आणि सगळे ३५ वर, मग मूळ गुण ९२ असोत की १२. एक चिन्ह ‘ठेव’साठी राखण्याचं कारण बेल लॅब्सच्या मंडळींनीच दिलं होतं: प्रोग्राममध्ये ठेवणं हे तुलनेच्या साधारण दुप्पट वेळा लागतं, तेव्हा त्याचं चिन्ह निम्म्या लांबीचं असावं. टंकलेखनाचे कष्ट वाचले असतील, पण पुढे पिढ्यान्‌पिढ्यांनी त्याची किंमत मोजली.

या चिन्हाचा कोणी मुद्दाम वापर केला तर? नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ कोडची जी एक सार्वजनिक प्रत ठेवलेली असे, तिच्यात कोणीतरी दोनच ओळी घुसवल्या. अटीचा दुसरा भाग असा होता: ‘आणि (वापरणाऱ्याचा क्रमांक = ०)’. वाचणाऱ्याला वाटावं की क्रमांक शून्य आहे का ते तपासलं जातंय. पण बरोबर एकच. लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे रूट, सगळ्या यंत्राचा मालक. म्हणजे ठरावीक प्रकारे हाक मारणारा कोणीही गुपचूप मालक होणार. खुबी पुढेच आहे. ठेवलेली किंमत शून्य, म्हणून अट खोटी, म्हणून चूक झाल्याचा संदेशही नाही. शिवाय त्या भागाभोवती जादा कंस होते, त्यामुळे कंपायलरही गप्प राहतो. कारण तसे कंस घातले की हे मुद्दाम केलंय असं तो समजतो. ही प्रत मुख्य कोडशी जुळत नाही हे लगेच लक्षात आलं आणि प्रकरण तिथेच थांबलं. नव्याने शिकणाऱ्याने एवढं करावं: जीसीसी हा कंपायलर वापरत असाल तर सगळ्या वॉर्निंग दाखवायला सांगा आणि एकही दुर्लक्षित करू नका. वॉर्निंग आली तरी प्रोग्राम चालतोय ना, हे वाक्य लॅबमध्ये फार ऐकू येतं.

इफनंतर महिरपी कंस घातले नाहीत तर अट फक्त पुढच्या एका विधानाला लागू होते. आपण ओळी कितीही नीट आत सरकवून लिहिल्या, तरी कंपायलर मोकळ्या जागेकडे बघतही नाही. अ‍ॅपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये अशाच एका बिनकंसाच्या इफखाली ‘गोटू फेल’ (म्हणजे थेट ‘फेल’ या जागी उडी मार) ही ओळ दोनदा पडली होती. पहिली अटीखाली, दुसरी मोकाट. त्यामुळे तपासणीचा पुढचा भाग कधी चाललाच नाही, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. एकच विधान असलं तरी कंस घाला.

लूप दोन तऱ्हेचे लक्षात ठेवले तरी पुरे. किती फेरे हे आधी माहीत असेल तर फॉर, नसेल तर व्हाइल. शून्यापासून मोजायचं आणि ‘पेक्षा लहान’ म्हणायचं ही सीची रीत आहे. ‘आय = ०; आय < १०; आय++’ असे दहाच फेरे होतात (आय++ म्हणजे आयमध्ये एक मिळव). ‘<’ च्या जागी ‘<=’ आलं की अकरा. कधीच न संपणारा लूप म्हणजे चूकच असंही नाही. वॉशिंग मशीनच्या आतल्या चिपवरचा मुख्य प्रोग्राम मुद्दाम अनंत लूपमध्येच ठेवलेला असतो. बटण दाबलं का, पाणी भरलं का, हे विचारत राहणं हेच त्याचं काम. घोळ होतो तो लूप संपेल असं आपण गृहीत धरलेलं असतं तेव्हा.

३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे झून हे गाणी वाजवणारे प्लेअर बंद पडले. बिघाड फक्त ३० जीबीच्या मॉडेलमध्ये होता, पण त्यातले सगळेच्या सगळे एका दिवशी गोठले. दोष घड्याळाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ती चिप हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये, निघाला. १ जानेवारी १९८० हा पहिला दिवस धरून आजचा कितवा, एवढा आकडा घड्याळ देई, आणि त्यावरून साल काढायचं काम हे होतं:

साल = १९८०;
व्हाइल (दिवस > ३६५) {
  इफ (लीप(साल)) {
    इफ (दिवस > ३६६) {
      दिवस = दिवस - ३६६;
      साल = साल + १;
    }
  } एल्स {
    दिवस = दिवस - ३६५;
    साल = साल + १;
  }
}

व्हेरिएबल, इफ, लूप, बास. दुसऱ्या आठवड्यातल्या विद्यार्थ्याला वाचता येईल. वही काढा. ३१ डिसेंबर २००८ हा दिवस क्रमांक १०,५९३. पहिला फेरा: १९८० लीप, ३६६ गेले, उरले १०,२२७, साल १९८१. दुसरा: उरले ९,८६२, साल १९८२. मग ९,४९७, मग ९,१३२ आणि साल १९८४, पुन्हा लीप. असं करत २८ फेरे झाले की साल २००८ आणि दिवस ३६६. आता एकोणतिसावा फेरा सावकाश करा. ३६६ हे ३६५ पेक्षा मोठे? हो, आत या. २००८ लीप? हो. ३६६ हे ३६६ पेक्षा मोठे? नाही. मग काहीच करायचं नाही, वर जा. ३६६ हे ३६५ पेक्षा मोठे? हो... दिवसही बदलत नाही, सालही बदलत नाही, लूप फिरतोच आहे.

३० डिसेंबरला दिवस ३६५ उरतात, तेव्हा लूप सुरळीत सुटतो. १ जानेवारीला ३६७ उरतात, त्यातून ३६६ जातात, १ उरतो, साल २००९, सगळं ठीक. म्हणून मायक्रोसॉफ्टचा सल्लाही खरोखर पुरेसा होता: बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ तारखेला ग्रीनिच वेळेनुसार दुपारी बारानंतर चालू करा. झून बाजारात आला तो नोव्हेंबर २००६ मध्ये. त्याच्या आयुष्यातला लीप वर्षाचा हा पहिलाच ३१ डिसेंबर होता, त्यामुळे चूक तोवर कुणाच्या नजरेस यायचं कारणच नव्हतं.

दुरुस्ती सुचवा म्हटलं की बरेच जण ‘दिवस > ३६६’ चं ‘दिवस >= ३६६’ करतात. पुन्हा वहीवर चालवा. ३६६ मधून ३६६ गेले, दिवस ०, साल २००९. लूप सुटला खरा, पण तारीख आली ० जानेवारी २००९.

मला पटणारी मांडणी अशी, की वर्षाची लांबी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये काढून अट एकाच जागी ठेवायची:

साल = १९८०;
लांबी = वर्षाचे_दिवस(साल);
व्हाइल (दिवस > लांबी) {
  दिवस = दिवस - लांबी;
  साल = साल + १;
  लांबी = वर्षाचे_दिवस(साल);
}

३६६ हे ३६६ पेक्षा मोठे नाहीत, लूप थांबतो, २००८ चा ३६६ वा दिवस, म्हणजे ३१ डिसेंबर. हा प्रोग्राम स्वतः टाइप कराल तेव्हा लूपच्या आतली शेवटची ओळ सोडून एकदा चालवून बघा. लांबी कायम ३६६ च राहते, मधल्या २१ साध्या वर्षांत दर वर्षी एक दिवस जास्त वजा होतो. प्रोग्राम कुठेही अडकत नाही, कसली वॉर्निंगही येत नाही. तो ३१ डिसेंबर २००८ ला १० डिसेंबर म्हणून मोकळा होतो.