छायाचित्रण साहित्याच्या किमतींतील देशोदेशीची तफावत

कॅमेरे, लेन्स, फिल्म, फोटो छपाईचा कागद, धुलाईची रसायने, बॅटऱ्या, मेमरी कार्डे हे साहित्य एकाच कारखान्यातून बाहेर पडूनही निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या किमतीला विकले जाते. ही तफावत कधी किरकोळ असते, तर कधी मूळ किमतीच्या दुपटीपर्यंत जाते. तिचे कारण कारखान्यात शोधून फारसे हाती लागत नाही. फिल्म तयार करणारे कारखाने आज जगात मोजकेच उरले आहेत. कोडॅकची फिल्म अमेरिकेतील रॉचेस्टरला बनते, इल्फर्डची इंग्लंडमधील मोबर्लीला आणि फोमाची चेक प्रजासत्ताकातील ह्रादेत्स क्रालोव्हे येथे. फिल्मला लागणाऱ्या चांदीचा भावही जागतिक बाजारात ठरतो आणि तो सगळ्यांना सारखाच लागू असतो. माल कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यानंतर जे घडते, त्यातून तफावत निर्माण होते.

त्यातला काही भाग निव्वळ दिसण्यापुरता असतो. अमेरिकेत दुकानात लावलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. तो पैसे भरताना वर चढतो आणि राज्यागणिक बदलतो. ऑरेगन किंवा डेलावेअरमध्ये राज्याचा विक्रीकर नाहीच. युरोपीय संघात मात्र छापील किमतीत मूल्यवर्धित कर आधीच मिळवलेला असतो. हा कर हंगेरीत २७ टक्के, तर स्वीडन व डेन्मार्कमध्ये २५ टक्के आहे. जपानचा उपभोग कर २०१९ पासून १० टक्के आहे आणि हाँगकाँगमध्ये असा कर मुळातच नाही. दोन देशांतील किमती शेजारी मांडून ‘लूट चालली आहे’ म्हणणारे पुष्कळदा करासहित आणि करविरहित आकड्यांची तुलना करत असतात. हमीचेही तसेच आहे. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, आणि तिचा खर्च तो किमतीतूनच वसूल करतो.

आयातशुल्काचा परिणाम मात्र खराच असतो, आणि तो वस्तू कोणत्या वर्गात मोडते यावर ठरतो. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे डिजिटल स्थिरचित्र कॅमेऱ्यांवरील शुल्क सहभागी देशांत शून्यावर आले. व्हिडिओ कॅमेऱ्यांवरचे राहिले. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे सलग ३० मिनिटे चित्रण करू शकणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा ठरत असे. म्हणून उत्पादकांनी कित्येक वर्षे आपले कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांवर आपोआप थांबतील अशी सोय केली. ब्रुसेल्समधल्या एका करनोंदीने जगभरच्या छायाचित्रकारांचे चित्रण मध्येच तोडावे, हा प्रकार विनोदीच म्हणावा लागेल. २०१५ मध्ये कराराची यादी वाढली आणि पुढे ही मर्यादा मागे पडत गेली. दुसरे टोक ब्राझीलचे. तिथे आयातशुल्क, औद्योगिक उत्पादन कर, सामाजिक सुरक्षेसाठीची अंशदाने आणि राज्याचा कर अशी चळत रचली जाते. राज्याच्या कराची आकारणी तर त्या करासह धरलेल्या रकमेवर होते, म्हणजे करावरही कर बसतो. काही देशांत मेमरी कार्डावर आणखी एक छुपा बोजा असतो: जर्मनी व फ्रान्समध्ये लोक खासगी वापरासाठी गाणी-चित्रपटांच्या प्रती काढतात, त्याच्या मोबदल्यात लेखक-कलावंतांना द्यायची रक्कम कार्डाच्या किमतीतच घातलेली असते, मग त्या कार्डावर फक्त स्वतःचीच छायाचित्रे का साठवेनात.

एवढे सगळे वजा केले तरी तफावत उरते. उत्पादक प्रत्येक देशासाठी वेगळी किंमत ठरवतो. तिथला ग्राहक किती सोसेल आणि प्रतिस्पर्धी किती तगडा आहे, हे पाहून. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण कोडॅक आणि फुजी यांच्या भांडणाचे आहे. १९९० च्या दशकात जपानच्या फिल्म बाजाराचा सुमारे ७० टक्के वाटा फुजीकडे होता, तर अमेरिकेत साधारण तेवढाच कोडॅककडे. कोडॅकने मे १९९५ मध्ये अमेरिकी सरकारकडे तक्रार केली. जपानचे मोठे घाऊक विक्रेते फुजीशी बांधलेले आहेत, परकी फिल्म दुकानांपर्यंत पोहोचूच दिली जात नाही, आणि घरच्या बंदिस्त बाजारात मिळवलेल्या नफ्याच्या जोरावर फुजी बाहेर स्वस्तात विकते, असा आरोप होता. फुजीचे उत्तर होते की अमेरिकेत कोडॅकही तेच करते. प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि १९९८ मध्ये निवाडा मंडळाने अमेरिकेचे म्हणणे फेटाळले. त्याआधी रंगीत फोटो कागदावरून या दोघांची वेगळी चकमक झाली होती. फुजी अमेरिकेत मायदेशापेक्षा कमी किमतीला कागद विकते, म्हणजे ‘डंपिंग’ करते, ही कोडॅकची तक्रार १९९४ मध्ये तडजोडीने मिटली. ग्राहकाला उत्पादकाच्या मायदेशाबाहेरचे चढे भाव खुपतात. व्यापार कायद्याला मात्र तिथलेच उतरते भाव खुपतात.

अशी वेगवेगळी किंमत टिकवायची तर स्वस्त देशातला माल महाग देशात झिरपू देता कामा नये. तो झिरपतो तेव्हा त्याला समांतर आयात किंवा ग्रे मार्केट म्हणतात. माल अस्सल असतो, फक्त अधिकृत वितरकाच्या वाटेने आलेला नसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ज्या खटल्यात या व्यापाराच्या मर्यादा आखल्या, त्यात न्यूयॉर्कचे ‘फोर्टी-सेव्हन्थ स्ट्रीट फोटो’ हे कॅमेऱ्यांचे दुकान एक पक्षकार होते. परदेशी उत्पादक आणि अमेरिकेतील व्यापारचिन्हाचा (ट्रेडमार्कचा) मालक एकाच मालकीखाली असतील, तर असा माल आणता येतो, असे तेव्हा ठरले. युरोपीय न्यायालयाने त्याच्या दहा वर्षांनी उलटी दिशा धरली. युरोपबाहेर विकलेला माल व्यापारचिन्हाच्या मालकाच्या संमतीवाचून आत आणून विकता येत नाही. जिथे कायदा आडवा येत नाही, तिथे कंपन्या स्वतःच बांध घालतात. निकॉनची अमेरिकी शाखा ग्रे मार्केटमधून आलेले कॅमेरे दुरुस्तीला घेत नाही. जपानी बाजारासाठीच्या सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी भाषेत असतो.

वाहतूक आणि शुल्काच्या सबबी किती खऱ्या, याची कसोटी सॉफ्टवेअरने घेतली. त्याला ना जहाज लागते, ना गोदाम. तरीही ऑस्ट्रेलियात छायाचित्र संपादनाची सॉफ्टवेअरे अमेरिकेपेक्षा ठळकपणे महाग होती. संसदीय समितीने २०१३ मध्ये अ‍ॅडोबी, अ‍ॅपल व मायक्रोसॉफ्ट यांना साक्षीला बोलावले. त्याच्या थोडेच आधी अ‍ॅडोबीने तिथले काही दर उतरवले होते.

विनिमय दरामुळे ही सारी गणिते अधूनमधून उलटीपालटी होतात. डॉलरचे मूल्य उतरवण्यासाठी मोठ्या देशांनी केलेल्या १९८५ च्या प्लाझा करारापूर्वी डॉलरला सुमारे २४० येन मिळत, ते १९८७ पर्यंत १५० च्या आसपास आले आणि जपानी कॅमेरे परदेशांत महागले. जुलै २०२४ मध्ये डॉलर १६० येनच्या वर गेला, तेव्हा टोकियोतील जुन्या कॅमेऱ्यांची दुकाने परदेशी गिऱ्हाइकांना स्वस्त वाटू लागली. किमती दराच्या मागोमाग लगेच हलत नाहीत. वितरक जुन्या दराने घेतलेला साठा आधी संपवतात.

छोट्या बाजारपेठांना वेगळाच फटका बसतो. मोठ्या आकाराची शीट फिल्म (सुट्या तावांच्या रूपातील) किंवा विशिष्ट दर्जाचा कागद वर्षाकाठी थोडाच खपतो, वितरकाला मात्र ठरावीक किमान माल उचलावा लागतो. फिल्मला मुदत असते, ती थंड जागी ठेवावी लागते. पडून राहिलेल्या मालाचा तोटा विकल्या गेलेल्या मालावर चढतो. द्रवरूप डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) आणि फिक्सर (ते पक्के करणारे) म्हणजे बव्हंशी पाणीच, आणि ते समुद्रापार नेण्याचे भाडे ग्राहक भरतो. तीव्र अ‍ॅसेटिक आम्लासारखी रसायने धोकादायक मालात मोडतात. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या २०१६ पासून प्रवासी विमानांतून माल म्हणून पाठवता येत नाहीत. रसायनांच्या या भाड्यामुळेच दूरच्या देशांतले कृष्णधवल छायाचित्रकार मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट अशी पूड विकत घेऊन डेव्हलपर स्वतः कालवतात. कोडॅकच्या डी-७६ या डेव्हलपरचे सूत्र १९२७ पासून सर्वांना खुले आहे.

मजुरी कमी असलेल्या देशांत चित्र उलटे दिसते: रोल महाग, पण धुलाई आणि छपाई स्वस्त. माल देशांतून फिरतो, डार्करूममधला माणूस फिरत नाही. मात्र त्याच देशांत कॅमेऱ्याची किंमत उत्पन्नाच्या मानाने फार मोठी ठरते. किमती एकाच चलनात बदलून केलेल्या तुलनेत हे दिसत नाही.

परदेशातून थेट पार्सल मागवणे हा ग्राहकाचा जुना उपाय होता. लहान पार्सलांना दिलेल्या करसवलतीवर तो उभा होता. ऑस्ट्रेलियाने जुलै २०१८ मध्ये, युरोपीय संघाने जुलै २०२१ मध्ये आणि अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ही सवलत काढून घेतली.