पेशी सुटतात कशा? ताकेइचींचा शोध आणि कर्करोग

क्योटोत सहज चिकटणाऱ्या पेशी बाल्टिमोरमध्ये काही केल्या चिकटेनात. १९७० च्या दशकाच्या मध्याला जपानचे तरुण संशोधक मासातोशी ताकेइची अमेरिकेत बाल्टिमोरला, कार्नेगी संस्थेच्या भ्रूणविज्ञान विभागात काम करत होते. ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने पेशी सुट्या करायच्या, द्रावणात हलवत ठेवायच्या आणि त्या पुन्हा किती लवकर गोळा होतात ते पाहायचं, हा त्यांच्या हातात बसलेला प्रयोग. पण इथे पेशी सुट्याच्या सुट्याच राहिल्या.

फरक निघाला ट्रिप्सिनच्या द्रावणात. बाल्टिमोरच्या द्रावणात ईडीटीए मिसळलेलं होतं. ते कॅल्शियम पकडून ठेवतं. क्योटोच्या द्रावणात ते नसे. याचा अर्थ, पेशीच्या पृष्ठभागावरचं काहीतरी कॅल्शियम असलं की ट्रिप्सिनच्या तावडीतून वाचत होतं आणि नसलं की तुटून जात होतं. द्रावण बदलून पुढे जाणं सोपं होतं. ताकेइचींनी त्या ‘काहीतरी’चाच पिच्छा पुरवला, आणि मला त्यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. १९८४ मध्ये त्या प्रथिनाला कॅडहेरिन हे नाव मिळालं. १९८७ मध्ये त्यांच्या गटाने ई-कॅडहेरिन या त्याच्या एका प्रकाराचं जनुक उंदराच्या अशा पेशींत घातलं, ज्या एरवी एकमेकींना धरत नाहीत. त्या पेशी घट्ट चिकटून राहू लागल्या.

कॅडहेरिनचं बाहेरचं टोक शेजारच्या पेशीवरच्या तशाच कॅडहेरिनला धरतं. आतलं टोक कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. यातला एकही दुवा निखळून चालत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगातून वाढवलेल्या एका पेशीवंशात ई-कॅडहेरिन व्यवस्थित होतं, तरीही पेशी विखुरलेल्या राहत. त्यांच्यात अल्फा-कॅटेनिन नव्हतं. १९९२ मध्ये ताकेइचींच्या गटाने दाखवलं की ते पुरवलं की पेशी पुन्हा एकत्र येतात.

इथे कर्करोगाचा संबंध थेट येतो. या आजारातले बहुतेक मृत्यू मूळ गाठीमुळे नव्हे, तर तिथून निघून यकृत, हाडं, मेंदू गाठणाऱ्या पेशींमुळे होतात. स्तनाच्या लोब्युलर, म्हणजे दूधग्रंथींशी संबंधित, कर्करोगाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की कर्करोगाच्या पेशी मुंग्यांसारख्या एकामागे एक रांगेने ऊतीत शिरलेल्या दिसतात. ई-कॅडहेरिन तपकिरी दाखवणारं रंजन केलं की दूध वाहून नेणाऱ्या निरोगी नलिकांच्या पेशींभोवती तपकिरी कडा ठसठशीत उमटतात. रांगेतल्या पेशी बहुधा कोऱ्याच राहतात. निदानासाठी डॉक्टर याचा आजही आधार घेतात.

१९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या पॅरी गिलफर्ड आणि सहकाऱ्यांनी एका माओरी कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या घरात पिढ्यानपिढ्या जठराच्या कर्करोगाने माणसं जात होती, काही तर अगदी तरुणपणी. दोष सापडला तो ई-कॅडहेरिनच्या जनुकातच. अशा कुटुंबांत आता जनुकीय तपासणी होते आणि धोका मोठा असलेल्यांना आजार होण्याआधीच जठर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. निर्णय फार कठीण असतो; पण काढलेल्या जठरात पुष्कळदा कर्करोगाचे इवलेसे ठिपके सापडतात, जे दुर्बिणीच्या तपासणीत दिसलेलेच नसतात.

एवढ्यावरून ‘ई-कॅडहेरिन गेलं की कर्करोग पसरतो’ असं सूत्र मांडायचा मोह होतो. ते अपुरं आहे. स्तनाच्या कर्करोगाचा जास्त आढळणारा प्रकार नलिकांचा. त्यातल्या पेशी बहुधा ई-कॅडहेरिन राखून असतात आणि तरीही दूरवर पोहोचतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांतल्या अशा गाठींमधून ई-कॅडहेरिन काढून टाकलं. पेशी आसपासच्या ऊतीत जास्त जोमाने घुसल्या. पण दूरच्या अवयवांत नव्या गाठी मात्र कमी झाल्या, कारण एकट्या पडलेल्या पेशी वाटेतच मरत होत्या. त्यांच्यात ऑक्सिडीकरणाचा ताण, म्हणजे पेशीला इजा करणाऱ्या ऑक्सिजनयुक्त रेणूंचा मारा, वाढला होता. तो ताण औषधाने कमी केला, तेव्हा त्या पुन्हा तग धरू लागल्या.

म्हणून आता या क्षेत्रात एक वेगळा प्रश्नही विचारला जातो आहे: सुटलेली पेशी प्रवासात जगते कशाच्या बळावर, आणि ते बळ आपल्याला काढून घेता येईल का?